आष्टा रस्त्यावरचं जेवण आणि गोंधळ: कधी जावं, काय खावं, कुठं बसावं

सांगलीचा आयर्विन पूल ओलांडून इस्लामपूरच्या रस्त्याला लागलं की आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या फडांना लागून हे ठिकाण आहे. पाटी हातभर लांब, तीही रात्री दिसत नाही. नाव इथं लिहीत नाही, कारण साठाच्या वर माणसं आली की काय काय बिघडतं ते पुढं येणारच आहे, आणि त्या गर्दीत आपण भर घालायला नको. शुक्रवार, शनिवार, रविवार, एवढेच दिवस उघडं. सारवलेलं अंगण, पत्र्याची एक लांब छपरी, तीन चुली आणि अंगणाच्या पूर्वेला गुडघाभर उंचीचा मातीचा कट्टा. जेवण सांगली-साताऱ्याकडचं आणि गाणंबजावणंही त्याच मुलखातलं: शुक्रवारी गोंधळ, शनिवारी हलगी किंवा धनगरी गजी (ढोलाभोवतीचा रिंगणनाच), रविवारी भारूड, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मिरजेच्या तंबोऱ्यावर शास्त्रीय बैठक. ताट ४५० रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांना २००. गाण्याचं वेगळं तिकीट नाही.

"लोकसंगीतासह अस्सल गावरान जेवण" असे फ्लेक्स लावलेली ठिकाणं हायवेला आता पुष्कळ झालीत. बहुतेक ठिकाणी घोळ एकच. इकडं ताट वाढणं चाललेलं असतं आणि तिकडं कोपऱ्यात ढोलकी सुरू होते. वाढपी ओरडतो, गाणारा त्याच्यावर आवाज चढवतो, पोरं मोबाइल काढून उभी राहतात आणि लावणी संपेस्तोवर भाकरी गार. इथं तसं करत नाहीत. सव्वासात ते साडेआठ जेवण, पावणेनऊ ते दहा गाणं. मधल्या पंधरा मिनिटांत ताटं उचलायची, अंगण झाडायचं आणि वाद्यं शेकायची. शिस्त एवढीच, पण ४५० रुपयांतले निम्मे तिचेच आहेत. गोंधळाची जुनी रीतही हीच: देवीचा नैवेद्य, मग पंगत, मग चौक मांडून गोंधळ. जेवणाऱ्यांच्या करमणुकीला म्हणून गोंधळ घालायची पद्धत आपल्याकडं नव्हतीच.

आधी भाकरी, कारण सगळ्या संध्याकाळचं घड्याळ तिच्यावर चालतं. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दर शुक्रवारी सकाळी दळून येतो आणि पीठ रविवार रात्रीपर्यंत संपवतात. हे महत्त्वाचं आहे. दळून आठ-दहा दिवस झाले की शाळूच्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात आणि मागं कडवट चव राहते. उकळतं पाणी घालून असं पीठ थोडं ताणता येतं, पण ती भाकरी पापुद्रा सोडत नाही. हॉटेलात मिळणारी जाडजूड, मधे ओलसर राहिलेली भाकरी बहुतेक वेळा याच शिळ्या पिठाची असते.

चुलीपुढं बसायला जागा आहे, तिथं पाच मिनिटं जरूर थांबा. काटवटीत उंडा मळून, खाली पीठ भुरभुरून, तळव्यानं फिरवत फिरवत भाकरी थापली जाते. कड मधल्यापेक्षा किंचित पातळ. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि तिच्यावर लगेच ओला हात. ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटावी लागते. घाई केली तर ती तव्याला धरते. उशीर केला तर वरचा थर तडकतो, वाफ त्या तड्यातून निघून जाते आणि मग ती भाकरी काही केल्या फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की तवा न उतरवता भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी करतात आणि चिमट्यानं फिरवतात. सरपण बाभळीचं. आजूबाजूला उसाचं पाचट फुकटात पडलेलं असलं तरी ते भाकरीच्या चुलीत घालत नाहीत, कारण पाचटाचा नुसता जाळ होतो, निखारा धरत नाही. भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. पाचट वापरतात ते हलगी शेकायला. त्याबद्दल पुढं.

आता हिशोब. एका तव्यावर एका भाकरीला साधारण दीड मिनिट, म्हणजे एक बाई तासाला चाळीस भाकरी करते. तिघी मिळून एकशेवीस. माणशी अडीच भाकरी धरली तर साठ माणसांना दीडशे लागतात, म्हणजे सव्वा तास. जेवणाची वेळ सव्वासात ते साडेआठच का, याचं उत्तर इथं मिळतं. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा या दिवसांत मात्र मालक शंभर-सव्वाशे माणसांचं बुकिंग घेतात. चुली तीनच, बायाही तिघीच. मग संध्याकाळी पाचपासून भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून दुरडीत रचून ठेवल्या जातात. खालच्या वाफेनं ओल्या होतात, वरच्या वातड. पैसे तेवढेच घेतात. त्या दिवसांत जाऊ नका, किंवा गेलात तर सव्वासातच्या पहिल्या पंगतीला बसा आणि "तव्यावरची द्या" म्हणून सांगा. नाही म्हणत नाहीत.

आख्खा मसूर हे या पट्ट्याचं खरं ढाब्याचं जेवण. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांनी तो महाराष्ट्रभर पोचवला आणि जसजसा तो लांब गेला तसतसा त्याचा काला होत गेला. दाणा आख्खा राहिला पाहिजे, तरीही बोटानं दाबला की मऊ लागला पाहिजे. हे कुकरमध्ये होत नाही. तीन शिट्ट्यांत साल एकीकडे आणि डाळ एकीकडे होते. मग तो मसूर नाही, आमटी झाली. इथं मसूर तासभर भिजवून उघड्या पातेल्यात शिजवतात, पंचवीस-तीस मिनिटं. पाणी कमी पडलं तर गरमच घालतात, कारण गार पाणी पडलं की उकळी मोडते आणि काही दाणे मऊ, काही टणक असं होतं. टोमॅटो मसूर नव्वद टक्के शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर साल चिवट होते आणि मग कितीही उकळा, मऊ होत नाही.

घरी करायचा असेल तर चौघांना पाव किलो मसूर, तीन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन टोमॅटो आणि दोन मोठे चमचे घरची कांदा-लसूण चटणी. दोन कांदे आणि खोबरं काळसर होईपर्यंत भाजून वाटायचं, एक कांदा बारीक चिरून तेलात परतायचा. चटणी तेलात टाकताना गॅस बारीक करा, नाहीतर ती क्षणात जळते आणि कट, म्हणजे वर तरंगणारं तेल, लालऐवजी तपकिरी येतो. इथल्या मसुरात मालकांचं एकच चुकतं: कट. ताटात येणाऱ्या वाटीवर बोटभर तेल असतं. गिऱ्हाइकांना तसंच आवडतं, असं ते म्हणतात. आम्हाला पटत नाही. चांगल्या मसुराला एवढ्या तेलाचा आधार लागत नाही.

चटणी इथंच डंकावर कांडलेली असते आणि अर्धा किलोच्या पिशवीत विकतही मिळते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी आणि थोडी लवंगी असा मेळ आहे. विकत घेणार असाल तर पिशवी उघडून वास घ्या. कांदा नीट वाळवून तळलेला नसेल तर अशा चटणीला महिनाभरात कुबट वास येतो आणि गुठळ्या धरतात. इथली चटणी त्या बाबतीत चांगली आहे. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यानं वापरली तर वर्ष काढते.

वांग्याचं भरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांतच मागा. तेव्हा कृष्णाकाठची पांढरट हिरवी, मोठी वांगी असतात. बी कमी, गर लोण्यासारखा, आणि नुसत्या कच्च्या कांद्यावर, हिरव्या मिरचीवर आणि चमचाभर दह्यावर भरीत होतं. इतर दिवसांत बाजारातलं जांभळं वांगं येतं आणि मग त्याची बेचव झाकायला शेंगदाण्याचं कूट ढीगभर घालतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ अधूनमधून असते. या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रात्रभर भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. अर्धकच्चा राजमा-घेवडा पोट बिघडवतो आणि ते मसाल्याचं तिखट बाधलं असं समजून माणूस भलत्याच गोष्टीला नावं ठेवतो. इथं तो अगदी मऊ शिजतो. खर्डा झणझणीत, दही विरजणाचं. पापड पाकिटातला, तो सोडून द्या. मटण फक्त शनिवारी, आणि शुक्रवारी गोंधळ असल्यामुळं ताट पूर्ण शाकाहारी असतं. मटण वाईट नाही, पण त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नाही.

खीर मात्र चुकवू नका. खपली गव्हाची, गुळातली. आपल्याकडं कृष्णाकाठी खपली अजून पिकतो. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून तो आधी ओलसर करून सडावा लागतो. सडलेला गहू रात्रभर भिजवून इथं दीड-दोन तास मंद आचेवर शिजतो आणि दाणा फुलून फुटल्याशिवाय गूळ घालत नाहीत. खिरीत चूक होते ती इथंच. गूळ पडला की दाणा पुढं शिजत नाही, कितीही वेळ ठेवा, तो दाताखाली टचटचीत राहतो. अर्धा किलो गव्हाला साधारण तेवढाच गूळ, एका नारळाचा चव, दोन चमचे भाजून वाटलेली खसखस, सुंठ, जायफळ आणि तासगावकडचा मूठभर बेदाणा. दूध पातेल्यात घालत नाहीत. उकळत्या गुळात दूध पडलं की फाटायची भीती. वाटीत खीर घेऊन वरून गार दूध घ्यायचं. वाढपी दुधाचा तांब्या घेऊन फिरतो, तो नाही आला तर हाक मारा. दुसरी वाटी मागितली तर वेगळे पैसे लावत नाहीत.

साडेआठला पंगत उठते आणि छपरीमागं पाचटाचा जाळ होतो. शनिवारी हलगीवाले असले तर ही पंधरा मिनिटं बघण्यासारखी असतात. हलगीचं कातडं बकऱ्याचं, गोल कड्यावर ताणलेलं. नदीकाठची हवा, त्यात हिवाळ्याचं दव. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज "कड्कड्" सोडून "भद्" यायला लागतो. म्हणून वाजवणारा हलगी जाळावर धरतो आणि सारखी फिरवत राहतो. एका जागी ठेवली तर तिथं कातडं कडक होऊन कड्याजवळ फाटतं. मधेच बाहेर काढून बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा जाळ. पाचटाचा जाळ उंच, हलका आणि लगेच विझणारा असल्यानं तो या कामाला बरोबर. बाभळीच्या निखाऱ्यावर कातडं कधी जळलं ते कळतही नाही. दव जास्त असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी वाजवणं थांबवून पुन्हा शेकावी लागते. प्रेक्षकांत लगेच चुळबुळ सुरू होते. गाणं संपलं असं समजून उठू नका.

आता बऱ्याच पथकांनी फायबरचं पान बसवलेल्या हलग्या घेतल्या आहेत. त्या शेकाव्या लागत नाहीत, पावसात चालतात, मिरवणुकीत चार तास टिकतात. वाजवणाऱ्यांची त्यात सोय आहे आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आवाज वेगळा, टोकदार आणि पोकळ. या अंगणात येणारं पथक कातड्याची हलगी आणतं. उजव्या हातात जाडसर टिपरू, डाव्यात बारीक लांब काडी. खालचा ठोका टिपरूचा आणि वरची किरकिर काडीची. सोबत घुमकं (खर्जातलं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजा). घुमक्याचा ठोका पोटात बसतो. सनई असली तर उत्तम, नसते बऱ्याचदा.

बसायचं कुठं, हा इथला सगळ्यात उपयोगी प्रश्न. हलगी हे उघड्यावरचं, यात्रेतलं, कुस्तीच्या फडातलं वाद्य. बारा-पंधरा फुटांवर ती कानाला झोंबते. पहिल्या दोन रांगा सोडा, तान्ही मुलं तर छपरीच्या मागच्या टोकालाच ठेवा. आणि छपरीखाली पुढं बसू नका: वर पत्रा आहे, हलगीचा आवाज त्यावर आपटून परत येतो आणि दोन ठोके एकमेकांत घुसतात. चांगली जागा म्हणजे अंगणाच्या उघड्या भागात, कट्ट्याच्या समोरून जरा डाव्या अंगाला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत. सतरंजी असते, पण अंगात जाडसर काहीतरी घ्या, साडेनऊनंतर दव पडतं. गुडघे धरत असतील तर आधी सांगा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पहिल्यांदा मागेल त्याला.

शुक्रवारचा गोंधळ या तिन्ही दिवसांत उजवा. पाटावर खण, त्यावर धान्याचा चौक, तांब्याचा कलश, नागवेलीची पानं, नारळ आणि वर पाच उसांची खोपी. आजूबाजूला फड असल्यानं ऊस तेवढ्यापुरता तोडून आणतात, पानांसकट. दिवटी पेटली की नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, पुढं होतो, मागं संबळ, तुणतुणं आणि झांज. सुरुवात आवाहनानं: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, "गोंधळाला ये". नाईक इथलाच असल्यानं त्या यादीत पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई आणि आरेवाडीचा बिरोबाही येतात, आणि आपल्या दैवताचं नाव आलं की पंगतीतल्या म्हाताऱ्या माणसांचे हात आपसूक जोडले जातात. त्यानंतर देवीची पदं आणि मग आख्यान. नाईक निरूपण करतो आणि साथीदार मधे मधे मुद्दाम अडाणी प्रश्न विचारून त्याला अडवतो. हशा तिथं पिकतो. कथेचा पुढचा दुवा मात्र त्या प्रश्नांतूनच निघतो, म्हणून विनोद म्हणून सोडून देऊ नका, लक्ष ठेवा.

खरा गोंधळ रात्रभर चालतो. इथं सव्वा तास मिळतो, कारण रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि मालक ती पाळतात. मग आख्यान कापावं लागतं. कापण्याच्या दोन रीती असतात. एक म्हणजे सगळं थोडं थोडं करायचं, आवाहनाची चार नावं, दोन पदं, कथेचा सारांश. दुसरी म्हणजे आवाहन पूर्ण घ्यायचं आणि आख्यानातला एकच प्रसंग सावकाश रंगवायचा. इथला नाईक दुसरी वाट धरतो आणि ती बरोबर आहे. कथेचा शेवट मिळत नाही, पण जेवढं मिळतं तेवढं सबंध मिळतं. शेवटी आरती होते आणि ओवाळणीचं ताट फिरतं. ताटाच्या ४५० रुपयांतली किती बिदागी कलावंतांच्या हातात पडते हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, तेव्हा या ताटात हात आखडता घेऊ नका. सुटे पैसे घरूनच न्या. कट्ट्यावर चढून नोटा उडवणं इथं चालत नाही. तसा कुणी उठलाच तर मालक स्वतः जाऊन खाली बसवतात.

आता माइकची तक्रार, कारण ती खरोखर दुरुस्त होण्यासारखी आहे. संबळ आणि झांज यांना या अंगणात माइकची अजिबात गरज नाही. संबळ दोन तोंडांचा, टोकाशी वाकवलेल्या काठीनं वाजणारा. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत पोचतो. माइक हवा तो गाणाऱ्याला आणि तुणतुण्याला. तुणतुणं म्हणजे एकच तार, खाली कातड्याचं तोंड. सूरही त्याचा आणि लयही त्याचीच, आणि तेच ऐकू येईनासं झालं की गाणारा अर्ध्या तासात वर सरकतो. गर्दीच्या दिवशी इथं सगळ्यांपुढं माइक लावतात. संबळ फाटका ऐकू येतो, तुणतुणं बुडतं. त्यात दोन्ही स्पीकर कट्ट्याच्या मागं भिंतीला टांगलेत, आवाज थेट माइकच्या तोंडात, म्हणजे आवाज वाढवला की शिट्टी आलीच. स्पीकर माइकच्या पुढं, कट्ट्याच्या दोन कोपऱ्यांवर, तोंड लोकांकडं करून ठेवले की प्रश्न सुटतो. अर्ध्या तासाचं काम आहे. सांगितलं तर आवाज कमी करतात, जागा बदलत नाहीत. नोव्हेंबरचा एखादा साधा शुक्रवार, चाळीस माणसं आणि एकच माइक असा योग आला तर तो दिवस सोडू नका.

धनगरी गजी इथं थोडी अपुरी वाटते. आटपाडी-जत-माण भागातली पथकं चांगली आहेत, ढोल दमदार आहे, पण गजीला मोकळं मैदान लागतं. मोठा ढोल मधे आणि रुमाल उडवत फिरणारं रिंगण भोवती. या अंगणात बारा जणांच्या वर मावत नाहीत, आणि रिंगण वळलं की पुढच्या रांगेतल्यांना पाय आवरून बसावं लागतं. गजी बघायची तर कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रेला जा. इथं गजीबरोबर होणाऱ्या ओव्या मात्र ऐका, त्या छोट्या जागेतच बऱ्या कळतात. रविवारचं भारूड मंडळावर अवलंबून; कधी रंगतं, कधी पाठ केलेलं वाटतं. पावसाची लक्षणं असली तर कोणताही वार असो, हलगी-गजी रद्द करून छपरीखाली भारूडच ठेवतात. पत्र्याचा विचार करता हा निर्णय शहाणपणाचा आहे.

शेवटच्या रविवारची बैठक वेगळ्या कारणासाठी चांगली. सकाळी साडेआठला सुरू होते, चहा-उपीट धरून २०० रुपये. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथं तंबोरा लावताना तुम्ही दोन हातांवर बसू शकता. आठलाच पोचा. नदीकाठी सकाळच्या गारव्यात तारांचा सूर हलतो, जुळवायला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढंमागं करताना आवाज कसा उमलतो ते तेव्हाच ऐकायला मिळतं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्यावर टेकत टेकत कंप पावते. दोऱ्याची जागा बरोबर सापडली की एका तारेतून कितीतरी स्वर निघतात. या बैठकीला माइक नसतो, चुली पेटवत नाहीत, मिक्सर बंद. फक्त छपरीतला जुना फ्रीज घरघरत राहतो. तो दोन तास बंद ठेवला तर दूध काही नासणार नाही.

हुरड्याचे दिवस डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, दुपारी चारपासून, ताटाशिवाय वेगळे २५० रुपये. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं तीन-चार मिनिटं. दाणा दुधाळ असतानाच हुरडा होतो आणि एका रानात ही अवस्था जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकते. म्हणून फोनवर "हुरडा आहे का" असं विचारू नका, "या आठवड्यात कणीस कसं आहे" असं विचारा. पुढं गेलेला असेल तर खरं सांगतात, हे या मालकांचं मोठेपण. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि उसाचा करवा. हुरडा खाऊन लगेच सव्वासातच्या पंगतीला बसायचा बेत करू नका, खिरीला जागा राहत नाही.

बाकी फुटकळ. बुकिंग फोनवरच, बुधवारपर्यंत. बुकिंग न करता ऐन वेळी गेलात तरी बसवून घेतात, पण भाकरीचा हिशोब वर आलाच आहे. मोबाइलला रेंज कमी, ऑनलाइन पैसे अडकतात, रोख न्या. स्वच्छतागृह दोन, स्वच्छ, मात्र वाटेत दिवा नाही, बॅटरी लागते. पार्किंग शेतात, पावसानंतर चाक रुततं. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण बंद असतं: रान काळं आणि सखल, आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोका पातळी गाठली की या बाजूच्या रस्त्यांचा भरवसा नसतो. गणपतीनंतर सुरू झाल्याची खात्री करून मगच निघा. गाळप हंगामात रात्री परतताना उसाच्या जोड-ट्रॉल्या भेटतात, कित्येकांना मागं लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. सांगलीवाडी येईपर्यंत डिपर देत सावकाश चला आणि ट्रॉलीच्या मागं निदान तीन गाड्यांचं अंतर ठेवा, वरून मोळी सुटली तर ती सरळ रस्त्यावरच येते.